पाठीशी जंगल, समोर सगळा ब्रिटन : बूडिका विरुद्ध पॉलिनस, एक प्रकरण अभ्यास

साल इ.स. ६० किंवा ६१ (नक्की कोणतं यावर अभ्यासकांची दोन मतं आहेत, लढाई समजून घ्यायला त्याने काही फरक पडत नाही). ब्रिटनचा रोमन गव्हर्नर सुएटोनियस पॉलिनस लंडनला पोचलाय. तेव्हाचं लंडिनियम म्हणजे थेम्सकाठचं जेमतेम दहा-बारा वर्षांचं गाव, व्यापाऱ्यांनी आणि मालाने गच्च भरलेलं, पण संरक्षण म्हणावं असं काही नाही. तिकडे पूर्वेला कॅम्युलोडूनम, म्हणजे आजचं कोल्चेस्टर, जळून गेलंय, रोमविरुद्ध उठलेल्या बूडिका राणीची माणसं आता इकडेच येणार हे गावातल्या लहान पोरांनाही कळलंय आणि लोक गव्हर्नरपुढे रडतायत, की आम्हाला टाकून जाऊ नका. पॉलिनसने हाताशी असलेली माणसं मोजली, थोडा विचार केला आणि निघायची ऑर्डर दिली. ज्यांना चालवत होतं ते सैन्याबरोबर निघाले. म्हातारे, बायका, ज्यांचा घरातून पाय निघत नव्हता असे सगळे मागे राहिले आणि मारले गेले.

या लढाईबद्दल जिथे कुठे वाचायला मिळतं तिथे सुरुवात बहुतेक वेळा थेट रणांगणापासून होते, दहा हजार विरुद्ध दोन लाख तीस हजार असा आकडा येतो, मग रोमन शिस्तीचं कौतुक होतं आणि विषय संपतो. मला मात्र वाटतं की सुरुवात लंडनपासूनच करायला हवी, कारण पॉलिनसला पुढे जी जागा मिळाली तिची किंमत त्याने इथे मोजली, म्हणजे खरं तर त्याने नाही, मागे राहिलेल्या त्या लोकांनी मोजली. आणि दुसरी गोष्ट, भूगोल आणि शिस्त ही दोन वेगवेगळी कारणं म्हणून आपण मोजतो तेच मुळात चुकतं. ब्रिटनमध्ये या दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या वापरून झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा त्या वापरणारे हरले होते. ते खाली येईलच.

भडका कशाने उडाला

क्लॉडियस सम्राटाच्या सैन्याने इ.स. ४३ मध्ये ब्रिटनवर स्वारी केली तेव्हापासून आइसेनी ही जमात, आजच्या नॉरफोककडची, रोमची मांडलिक म्हणून राहत होती. राजा प्रासुटॅगस पैसेवाला होता. त्याने मृत्युपत्रात आपल्या दोन मुलींच्या जोडीने सम्राट नीरोलाही वारस केलं, हेतू एवढाच की सम्राटाचा वाटा दिला की बाकीचं घरदार आणि राज्य तरी सुरक्षित राहील. झालं उलटं. राजा गेल्यावर रोमन अधिकाऱ्यांनी राज्य जिंकलेला मुलूख असल्यासारखं लुटलं, मोठ्या घराण्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी काढून घेतल्या, विधवा राणी बूडिकाला फटके मारले आणि तिच्या दोन्ही मुलींवर बलात्कार केले. पुढच्या डावपेचांची चर्चा करताना हे विसरून चालणार नाही, कारण ती एवढी माणसं जमली ती कुठल्या राजाच्या पगारावर जमली नव्हती, प्रत्येकाच्या मनात स्वतःचा एक हिशोब होता.

शेजारच्या ट्रिनोव्हँटीस लोकांचा हिशोब आणखी जुना होता. कॅम्युलोडूनमला रोमने निवृत्त सैनिकांची वसाहत बसवली होती, हे निवृत्त लोक आजूबाजूच्यांना घरांतून आणि शेतांतून हुसकावून लावायचे, गुलाम म्हणून हिणवायचे, आणि वर तिथे क्लॉडियसचं मोठं देऊळ उभं राहत होतं ज्याच्या खर्चात तिथलेच लोक बुडत होते. कॅसियस डिओ हा नंतरचा इतिहासकार कर्जवसुलीचंही कारण देतो, नीरोचा सल्लागार सेनेका याने ब्रिटनमधल्या लोकांच्या गळ्यात मारलेले ४ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) एकदम परत मागितले असं त्याचं म्हणणं.

हे सगळं पेटलं तेव्हा पॉलिनस बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, वेल्सच्या वायव्येला मोना बेटावर (आजचं अँगल्सी) ड्रुइडांच्या, म्हणजे तिथल्या पुरोहितांच्या, विरोधात मोहिमेत गुंतला होता. कोल्चेस्टरला तट नाही, खंदक नाही. मदत मागितली तर महसूल बघणारा अधिकारी केटस डेसियानस याने जेमतेम २०० माणसं पाठवली, तीही धड हत्यारं नसलेली. गाव पडलं, उरलेले सैनिक देवळात शिरले, ते दोन दिवस टिकले आणि मग तेही गेले. डेसियानस पळून गॉलला गेला.

कोल्चेस्टरमध्ये आजही बांधकामासाठी खणायला घेतलं की जमिनीखाली लाल-काळ्या भाजलेल्या मातीचा एक थर लागतो. घरांच्या कुडाच्या मातीच्या भिंती आगीत विटेसारख्या भाजल्या त्याचा तो थर. त्यात जळून कोळसा झालेले खजूर सापडलेत. खजूर ब्रिटनमध्ये होत नाही, भूमध्य समुद्राकडून जहाजाने आणून कुणीतरी घरात ठेवलेला खाऊ तो. २०१४ साली तिथल्याच एका दुकानाच्या जागेखाली सोन्याचांदीचे दागिने मिळाले, जमिनीत खड्डा करून घाईघाईने पुरलेले, घरात कर्णफुलं घालणारी कुणीतरी बाई असणार, आणि ते काढायला परत कुणी आलं नाही. लंडनखालीही असाच जळका थर आहे. रोमन राज्य अन्यायाचं होतं हे शंभर टक्के खरं, पण त्या थरात मेलेले सगळे काही फटके मारणारे अधिकारी नव्हते.

आधीच्या दोन हारी, ज्यांच्याकडे लक्ष जात नाही

पहिली हार आइसेनींचीच, इ.स. ४७ मधली. तेव्हाचा गव्हर्नर ऑस्टोरियस स्कॅप्युला याने जमातींची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली, आइसेनी बिथरले आणि त्यांनी लढायला जागा निवडली. आणि जागा चांगलीच निवडली होती! भोवती मातीचा बांध, आत शिरायची वाट अरुंद, म्हणजे रोमन घोडदळ आत येऊच शकणार नाही. कागदावर बघाल तर पॉलिनसने पुढे जे केलं त्याच जातीचा हा विचार, संख्या आणि घोडे बाहेर ठेवायचे आणि अरुंद तोंडावर लढायचं. स्कॅप्युलाकडे तेव्हा लीजन, म्हणजे रोमन नागरिकांची मुख्य पायदळ फौज, बरोबर नव्हतं, नुसते सहायक सैनिक होते, म्हणजे नागरिक नसलेल्या लोकांतून भरती केलेले, त्याने घोडेस्वारांनाही खाली उतरवलं आणि बांधावर चढाई केली. बांध फुटला आणि मग ज्या भिंतीने वाचवायचं तीच आडवी आली, आतल्या लोकांना बाहेर पडता येईना. ते शौर्याने लढले असं रोमन इतिहासकार टॅसिटस स्पष्ट लिहितो, वाटा बंद झाल्यावर लढले. पण एकाच जागी कोंडलेल्या माणसांना कुणी कुठे सरकायचं, कुणी भगदाड बुजवायचं हे सांगणारी, आणि सांगितलं की लगेच होणारी व्यवस्था नसेल तर नुसत्या शौर्याने काही होत नाही. जागा होती, एकत्र हालचाल करायची सवय नव्हती.

दुसरी हार रोमनांची, याच बंडातली. नववी लीजन घेऊन पेटिलियस सेरियालिस कोल्चेस्टर वाचवायला धावला. हे पूर्ण ट्रेनिंग घेतलेले पगारी सैनिक, शिस्तीत पॉलिनसच्या माणसांपेक्षा तसूभर कमी नाहीत. पण तो घाईत होता, गाव जळायच्या आत पोचायचं होतं, जागा निवडायला वेळच नाही, आणि बंडखोरांनी त्याला वाटेतच गाठलं. पायदळ सगळं कापलं गेलं. सेरियालिस घोडदळासकट कसाबसा छावणीत पळाला आणि तटाच्या आडोशाने वाचला. म्हणजे शिस्त होती, जागा नव्हती.

पॉलिनस लंडनमध्ये उभा होता तेव्हा ही सेरियालिसची बातमी त्याच्याकडे पोचलेली होती. टॅसिटस तर म्हणतो की आपलं सैन्य थोडं आणि सेरियालिसच्या उतावळेपणाला मिळालेली शिक्षा ताजी, हे दोन्ही बघूनच त्याने ठरवलं की एक गाव देऊन बाकीचा प्रांत वाचवायचा. टॅसिटसच्या शब्दाला इथे जरा वजन आहे कारण त्याचा सासरा अग्रिकोला तरुणपणी त्या वेळी ब्रिटनमध्येच पॉलिनसच्या हाताखाली अधिकारी होता. लंडनमागोमाग वेरुलेमियम (आजचं सेंट ऑल्बन्स) पण जळालं. तिन्ही गावं मिळून ७० हजार माणसं मेली असा आकडा तो देतो.

आता विचार करा, पॉलिनस लंडनमध्ये थांबला असता तर काय झालं असतं. तट नसलेलं गाव, चहूकडून येणाऱ्या वाटा, मधे लाकडी घरं आणि गर्दी, म्हणजे त्याची एकेक तुकडी एकेका गल्लीत वेगळी पडली असती. गावाच्या रक्षणाचा अर्थ शत्रू म्हणेल तिथे आणि म्हणेल तेव्हा लढायचं असा झाला असता. गाव सोडल्यावर कुठे लढायचं हे त्याच्या हातात आलं. हा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, आणि तो घेणाऱ्या माणसाबद्दल प्रेम वाटायचं काहीच कारण नाही, दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

जागा

ही जागा नेमकी कुठली ते आजवर सापडलेलं नाही. लंडनहून वायव्येला जाणारा जो जुना रोमन रस्ता पुढे वॉटलिंग स्ट्रीट म्हणून ओळखला जाऊ लागला त्याच्याच आसपास कुठेतरी, असा बहुतेकांचा अंदाज, वॉरिकशरमधल्या मॅन्सेटरचं नाव बऱ्याचदा घेतलं जातं, इतरही बऱ्याच जागा सुचवल्या गेल्यात. पण जागा कशी होती ते माहितीये आणि आपल्याला हवंय तेही तेवढंच. तोंड अरुंद, पाठीमागे घनदाट जंगल, आणि समोर मोकळं मैदान. पॉलिनसने आधी खात्री करून घेतली की शत्रू फक्त समोरच आहे, मागे नाही, आणि मैदान इतकं उघडं आहे की कुणी दबा धरून बसू शकणार नाही.

आपल्याकडे खिंड म्हटलं की पावनखिंड आणि उंबरखिंड आठवते. तिथे मुलूख आपला, वाटा आपल्या, आणि परका माणूस अडकतो, १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज उंबरखिंडीत अशीच कोंडली होती. ब्रिटनमध्ये उलटं आहे, खिंड वापरतोय तो परका. म्हणून मला हे प्रकरण अभ्यासायला जास्त महत्त्वाचं वाटतं, भूगोल कुणाचा सगासोयरा नसतो, जो माणूस त्याला वाचतो आणि त्याप्रमाणे थांबायची तयारी ठेवतो त्याला तो उपयोगी पडतो. पॉलिनस डोंगराळ मुलखात मुरलेला माणूस होता, जवळपास वीस वर्षांपूर्वी आफ्रिकेत ॲटलास पर्वत ओलांडून पलीकडे फौज नेणारा तो पहिला रोमन सेनापती.

या जागेने काय केलं त्याचा साधा हिशोब मांडून बघू. पॉलिनसकडे चौदावी लीजन, विसाव्या लीजनचे जुने सैनिक आणि जवळपासच्या ठाण्यांतले सहायक मिळून सुमारे १० हजार माणसं होती. समजा त्यातले ६ हजार मधल्या जड पायदळात आहेत, माणशी साधारण ३ फूट जागा धरली आणि ६ रांगा केल्या तर समोरची ओळ १ हजार माणसांची, म्हणजे ९०० मीटरच्या आसपास. हे माझं गणित आहे, कुठल्या ग्रंथातलं नाही, पण अंदाज येतो. आता समोर बूडिकाचे एक लाख लोक धरा. अरुंद तोंडापाशी त्यांनाही तेवढीच ९०० मीटर रुंदी मिळणार, आणि लांब तलवार फिरवायला मोकळी जागा लागते म्हणून त्यांची पुढची ओळ रोमनांपेक्षाही विरळ. म्हणजे लाखातले हजारभर लढतायत आणि नव्व्याण्णव हजार त्यांच्या पाठीवर. त्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नाही, ते फक्त ढकलू शकतात. डिओ २ लाख ३० हजार म्हणतो आणि पॉलिनसची माणसं एकाशेजारी एक अशी एकाच ओळीत उभी केली असती तरी शत्रूच्या लांबीला पुरली नसती असंही म्हणतो. उघड्या मैदानावर ते खरंच भयंकर होतं, दोन्ही बाजूंनी वेढून संपवलं असतं. खिंडीच्या तोंडाशी दोन लाख काय आणि पन्नास हजार काय, पुढची ओळ तेवढीच राहते.

पण पाठीमागचं जंगल दोन्हीकडून कापतं. मागून कुणी येणार नाही हे खरं, तसंच मागे जायला वाट नाही हेही खरं. रांग एकदा फुटली असती तर हे दहा हजार त्या झाडांमध्ये सुटे सुटे मारले गेले असते, आइसेनींचं १३-१४ वर्षांपूर्वी आपल्याच बांधात जे झालं तेच. इथेच दुसरी गोष्ट येते.

हलायचं नाही

ब्रिटनचे लोक मैदानभर टोळ्या-टोळ्यांनी नाचत, ओरडत होते, पायी आणि घोड्यावर, एवढी गर्दी आधी कधी कुणी बघितली नव्हती. आणि त्यांना विजयाची इतकी खात्री होती की बायकांना बघायला बरोबर आणलं होतं, बैलगाड्या मैदानाच्या कडेने ओळीने लावल्या आणि त्यांना त्यात बसवलं. बूडिका मुलींना रथात घेऊन एकेका जमातीपुढून फिरत होती. तिच्या तोंडी जे भाषण आहे ते रोमन लेखकाने लिहिलेलं आहे, त्यामुळे तिचे खरे शब्द म्हणून ते घेता येत नाही, पण दोन मुली रथात बरोबर होत्या याचा अर्थ सांगायला भाषणाची गरज नाही.

पॉलिनसने आपल्या लोकांना काय सांगितलं तेही टॅसिटसच्याच शब्दांत आपल्यापर्यंत आलंय, तरी त्यातला मधला भाग भाषणापेक्षा ड्रिलच्या सूचनांसारखा वाटतो: आवाजाकडे लक्ष देऊ नका, दाट उभे राहा, भाले फेका, मग ढालीच्या मधल्या लोखंडी उंचवट्याने आणि तलवारीने पाडत राहा, लुटीचा विचार करू नका, जिंकल्यावर सगळं तुमचंच आहे. लुटीची सूचना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुन्या काळी जिंकत आलेल्या फौजा लुटीपायी विस्कटल्या आणि उलट मार खाल्ला, अशी उदाहरणं ढिगाने आहेत. समोर गाड्या भरून माल उभा आहे, आणि तिकडे बघायचंही नाही.

आता लीजनच्या सैनिकाजवळ जाऊन बघू. त्याच्या हातात पिलम, रोमन फेकभाला, साधारण दोन मीटर लांब, अर्धा लाकडी दांडा आणि पुढे बारीक लांबलचक लोखंडी सळई, टोकाला छोटं पातं. त्या सळईची करामत अशी की पातं ढालीत घुसलं की मागची बारीक सळई त्याच भोकातून पुढे सरकते आणि ढालीमागच्या माणसापर्यंत पोचते, आणि माणूस वाचला तरी ढालीत दोन मीटरचं लोढणं अडकतं जे धावताधावता उपटता येत नाही, वाकतं, जमिनीला टेकतं, शेवटी ढाल टाकून द्यावी लागते. हे हत्यार लांबून फेकायचं नाहीच, वीस-पंचवीस मीटरवरून फेकायचं. म्हणजे समोरून हजारो माणसं किंचाळत पळत येतायत, पन्नास मीटर, चाळीस, तीस, आणि तुम्ही हात वर करून उभे. एकाने घाबरून आधी फेकलं की शेजारचा फेकतो, पाच सेकंदांत सगळी ओळ रिकामी आणि भाले मातीत. आणि पाठीमागे जंगल.

ती ओळ हलली नाही. टॅसिटस लिहितो की सुरुवातीला लीजन जागचं हललं नाही, त्या अरुंद जागेलाच तट समजून उभं राहिलं, आणि शत्रू जवळ आल्यावर नेम चुकणार नाही अशा अंतरावरून भाले संपवले. मघाचा ६ हजारांचा अंदाज धरला आणि माणशी दोन भाले धरले तर काही क्षणांत १२ हजार भाले, तेही अशा गर्दीवर जिला डावीउजवीकडे सरकायला जागा नाही आणि मागून रेटा आहे. पुढचे पडले, त्यांच्यावर मागचे अडखळले. चिलखत ब्रिटनांपैकी थोड्याच लोकांकडे असणार.

शिस्त म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पावलं टाकणारी, हल्ला करणारी फौज येते. मला वाटतं या लढाईत शिस्तीचा खरा कस लागला तो काहीही न करण्याच्या त्या काही मिनिटांत. आणि ते जमलं याचं कारण शौर्य वगैरे मोठं काही नव्हतं, वर्षानुवर्षांची कवायत होती, शेजारच्यावर विश्वास होता की हा पळणार नाही, कारण दहा वर्षं तो त्याच तंबूत झोपतोय, आणि पळून गेलेल्याला आपलीच माणसं जिवंत ठेवणार नाहीत ही भीतीपण होती.

भाले संपले आणि मग ते निघाले, पाचरीसारखी रचना करून. पाचर का, तर समोरचा लोंढा एका रेषेत ढकलत बसण्यापेक्षा तो फोडून कप्पे करायचे, म्हणजे प्रत्येक कप्प्यातला माणूस दोन बाजूंनी दाबला जातो आणि त्याला लांब तलवार उगारायला हात वर नेता येत नाही. रोमन तलवार आखूड, पातं जेमतेम ५० सेंटिमीटर, ढालीच्या कडेने भोसकायची, खेटून उभं राहूनच ती चालते. गर्दीत एकाचं हत्यार निरुपयोगी होतं आणि दुसऱ्याचं कामाला येतं. बाजूने सहायक घुसले, आणि जिथे कुणी नेट धरून उभं राहिलं तिथे घोडदळाने लांब भाल्यांनी ते मोडून काढलं.

गाड्या

ब्रिटनांची फळी मोडली आणि लोक मागे वळले. मागे गाड्या. मैदानाच्या कडेने ओळीने लावलेल्या, बैल जुंपलेले, आत बायका, बहुधा पोरंपण. पळता भुई थोडी ही म्हण इथे अक्षरशः खरी झाली. पुढून रोमन, मागे आपल्याच गाड्यांची भिंत, मधे सगळी जमात. पॉलिनसने जागा निवडली तेव्हा त्याला तीन बाजू झाकायच्या होत्या, चौथी बाजू शत्रूने स्वतः आणून बंद केली, फक्त ती शत्रूच्याच पाठीमागे. इ.स. ४७ मध्ये मातीचा बांध होता, आता लाकडी गाड्या.

हा मूर्खपणा होता असं म्हणायला मी तयार नाही. ती फौज नव्हती, गावंच्या गावं होती. घर सोडून निघाल्यावर बायकापोरं ठेवायची कुणाच्या भरवशावर, मागे रोमन ठाणी आहेतच. लुटीचा माल, धान्य, म्हातारी माणसं, सगळं गाडीत. आणि आधीची तीन गावं आणि एक लीजन इतक्या झटपट हातात आलं होतं की गाड्या मागे दहा किलोमीटरवर ठेवा असं सांगायची गरज कुणाला वाटली नसावी, किंवा कुणी सांगितलं असेल तरी तेवढ्या जमातींना एका आवाजात थांबवणारी यंत्रणा बूडिकाकडे नव्हती. पाच लोकांच्या हाताखाली पाचशे, त्या पाचशेंच्या हुकमात गाड्या, असं काही नसताना गाड्या कुठे लावायच्या हे ज्याचं त्याने ठरवलं.

रोमन सैनिकांनी बायकांनाही सोडलं नाही. बैलसुद्धा मारले, आणि प्रेतांच्या ढिगात ती जनावरंही पडली.

काहींच्या मते ८० हजारांना थोडे कमी ब्रिटन मेले, रोमन सुमारे ४०० मेले आणि जखमी त्याहून फारसे जास्त नाहीत असं टॅसिटस सांगतो. तो स्वतः "काही जण म्हणतात" असंच लिहितो आणि ते काही जण जिंकलेल्या बाजूचे. ८० हजार हा आकडा मला पटत नाही, २ लाख ३० हजारांचाही नाही, एवढी माणसं आणि बैल एका जागी किती दिवस खाऊ शकतात याचा विचार केला की शंका येतेच. पण आकडा निम्मा करा, पाव करा, वरचं सगळं गणित तसंच राहतं, आणि ब्रिटनांच्या बाजूची कत्तल गाड्यांपाशी झाली हेही तसंच राहतं. आणखी एक सांगायला हवं, डिओने दिलेलं लढाईचं वर्णन वेगळं आहे, त्यात पॉलिनस सैन्याचे तीन भाग करतो आणि लढाई दिवसभर चालते, खिंड नाही. मी टॅसिटसच्या बाजूने जातो ते त्याचा सासरा तिथे होता म्हणून, आणि डिओने हे लढाईनंतर दीडशेएक वर्षांनी लिहिलं म्हणून.

नंतर

बूडिकाने विष घेतलं असं टॅसिटस म्हणतो, आजारी पडून गेली असं डिओ. तिच्या मुलींचं काय झालं याबद्दल दोघंही गप्प आहेत.

दुसऱ्या लीजनच्या छावणीचा अधिकारी पीनियस पोस्टुमस याला पॉलिनसने सैन्य घेऊन ये म्हणून हुकूम पाठवला होता आणि तो आलाच नव्हता. तो का आला नाही ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, कदाचित त्याच्याही भागात बंड होतं, कदाचित वाटच नव्हती. विजयाची बातमी आल्यावर त्याने स्वतःच्या तलवारीने जीव दिला. शिस्तीचं कौतुक करताना त्या शिस्तीची ही बाजूपण लक्षात ठेवावी, हुकूम मोडला आणि मोडलेल्याला जगायची सोय नाही. चौदाव्या लीजनला पुढे "मार्शिया व्हिक्ट्रिक्स" असा किताब मिळाला.

लढाई संपली पण पॉलिनसचं संपलं नाही. जर्मनीकडून २ हजार लीजनरी, सहायकांच्या आठ तुकड्या आणि १ हजार घोडेस्वार आले आणि जिथे जिथे बंडाचा वास होता तिथे जाळपोळ सुरू झाली. त्याहून वाईट म्हणजे भूक, रोमनांची कोठारं आपलीच होणार या भरवशावर लोकांनी त्या वर्षी पेरणीच केली नव्हती, लढाईच्या वयाची सगळी माणसं मोहिमेत होती. आणि इथे एक माणूस असा निघाला ज्याने बोलायची हिंमत केली, डेसियानसच्या जागी आलेला नवा अधिकारी ज्युलियस क्लासिसियानस. त्याने रोमला कळवलं की पॉलिनस आहे तोवर हे थांबणार नाही, सूड न उगवणारा माणूस पाठवा. नीरोने चौकशीला आपला माणूस धाडला, आणि थोड्याच काळात पॉलिनसच्या जागी पेट्रोनियस टर्पिलियानस आला. टॅसिटसला क्लासिसियानस अजिबात आवडत नाही, आपल्या भांडणापायी त्याने प्रांताचं नुकसान केलं असं तो म्हणतो. मला तो या प्रकरणातला सगळ्यात शहाणा माणूस वाटतो. त्याच्या थडग्याचे दगड लंडनमध्येच सापडले, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

लंडनमध्येच सापडलेली आणखी एक वस्तू, मेण लावलेली लाकडी पाटी, मेण गेलंय पण लेखणीचे ओरखडे लाकडावर उरलेत. तारीख २१ ऑक्टोबर ६२, म्हणजे सगळं जळल्याला एक-दोन वर्षं झालीयेत. दोन माणसांमधला साधा करार आहे, वेरुलेमियमहून लंडनला १३ नोव्हेंबरपर्यंत धान्यसामानाच्या २० खेपा पोचवायच्या, खेपेमागे भाडं पाव दिनार.